चिमणराव, टिपरे आबा आणि त्यांच्यामधली वीस वर्षे

पर्वतीपायथा

नमस्कार.

अभिनेते दिलीप प्रभावळकर यांच्या दूरचित्रवाणीवरील कारकिर्दीविषयी एक प्रश्न गेले काही महिने माझ्या मनात घोळत आहे. येथे नाटक आणि मालिका जवळून पाहिलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून तो जरा सविस्तर मांडते.

ते चिमणराव झाले होते ती 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका मी लहानपणी शेजारच्यांच्या घरी पाहिली. त्या काळी पुण्यात दिसत ते मुंबई केंद्राचेच कार्यक्रम, सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून येणारे. आमच्या वाड्यात एकच संच होता, लाकडी पेटीतला, सरकत्या दारांचा. मालिकेच्या दिवशी त्या घरच्या काकू आधी संचावरचा भरतकामाचा रुमाल काढून त्याची नीट घडी करीत आणि मगच ती दारे सरकवीत. पुढे सतरंजीवर आम्ही मुले, मागे मोठी माणसे आणि उंबऱ्याशी उभे राहून पाहणारे माझे वडील. ते एरवी मोठ्याने कधी हसत नसत, पण चिमणराव घाबरला की त्यांना हसू आवरत नसे.

वीस-बावीस वर्षांनी 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली, तेव्हा ती मी माझ्या घरी, सासूबाईंच्या शेजारी बसून पाहिली. पहिला भाग अर्धा होईपर्यंत त्यातले आजोबा, म्हणजे आबा, हे आपले चिमणरावच, हे माझ्या ध्यानातही आले नाही. आणि ध्यानात आल्यावरही ती दोन माणसे मनात एक होईनात.

आता प्रश्न का पडला ते सांगते. माझी भाची चार वर्षांपासून एका दैनंदिन मालिकेत प्रमुख भूमिका करते. बँकेत, लग्नकार्यात, रेल्वेच्या डब्यात लोक तिला भूमिकेच्या नावानेच हाक मारतात आणि सुरुवातीला तिला त्याचे अप्रूप होते. मालिका आता संपत आली आहे. नव्या कामासाठी दोन ठिकाणांहून विचारणा झाली, ती दोन्हीकडे तशाच सोशिक सुनेसाठी. परवा ती मला म्हणाली, "मावशी, मला आता माझ्या स्वतःच्या आवाजात रडताही येत नाही." हे ऐकल्यापासून मला स्वस्थता नाही.

दूरचित्रवाणीने घराघरांत पोहोचवलेली एक भूमिका नटाला जन्मभर पुरते आणि जन्मभर जखडूनही ठेवते, असे आपण अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. प्रभावळकरांच्या वाट्याला अशा दोन भूमिका आल्या, तरी ते दोहोंपैकी एकीतही अडकले नाहीत. हे त्यांना कसे साधले? ती केवळ प्रतिभा म्हणायची, की त्यामागे काही पद्धत होती, जी आजच्या नटालाही उपयोगी पडावी?

तिसरी_घंटा

आपला प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो, म्हणून उत्तर लांबले तर क्षमा करावी. प्रभावळकरांची नाटके मी सुरुवातीपासून पाहत आलो आहे आणि माझे मत त्यावरून बनलेले आहे.

चिमणराव ही भूमिका त्यांच्याकडे आली तेव्हा ती कोरी नव्हती. पाली भाषेचे अभ्यासक आणि बडोद्याचे प्राध्यापक चिं. वि. जोशी यांनी हे भित्रे, सज्जन आणि सतत फजित होणारे पात्र आधीच्या पिढीत घराघरांत पोहोचवले होते. 'एरंडाचे गुऱ्हाळ' हे पुस्तक १९३२ सालचे आणि 'चिमणरावाचे चऱ्हाट' १९३३ सालचे. पडद्यावरही ही जोडी येऊन गेली होती. 'लग्न पाहावे करून' (१९४०) आणि 'सरकारी पाहुणे' (१९४२) या चित्रपटांत दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले होते आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर प्रभावळकर आणि बाळ कर्वे उभे राहिले, तेव्हा ज्येष्ठ प्रेक्षकांच्या डोळ्यांसमोर दामुअण्णांचा चेहरा असणारच. अशा वेळी नटापुढे दोनच वाटा असतात. एक तर आधीच्याची छाया घेऊन वावरायचे, नाहीतर पुस्तकाकडे परत जाऊन माणूस नव्याने शोधायचा. प्रभावळकरांनी दुसरी वाट धरली. त्यांचा चिमणराव वाक्याला सुरुवात अगदी ठामपणे करी आणि समोरच्याने नुसती मान वर केली की त्याच वाक्याचा शेवट बारीक होत होत विरून जाई. आपले वडील ज्याला हसत, ते बहुधा हेच असावे.

मात्र माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर चिमणरावाच्याही आधी सापडते. रत्नाकर मतकरींच्या 'अलबत्या गलबत्या' या बालनाट्यात प्रभावळकर चेटकीण होत असत. ज्या नटाने उमेदीच्या वर्षांत नाक-तोंड रंगवून मुलांना घाबरवले, हसवले आणि प्रयोग संपल्यावर तो रंग पुसून आपल्या मूळ चेहऱ्याने तो बाहेर पडला, त्याच्या अंगी एक गोष्ट पक्की मुरते: भूमिका ही अंगावर चढवायची आणि उतरवूनही ठेवायची वस्तू आहे. देखण्या नायकाला हे शिकायला वेळ लागतो, कारण त्याच्याकडे मागितला जातो तो त्याचा स्वतःचा चेहरा. प्रभावळकरांकडे तो कधी कोणी मागितला नाही आणि मला वाटते, हेच त्यांचे भाग्य ठरले.

चिमणराव गाजल्यानंतर त्यांनी काय केले, ते पाहण्यासारखे आहे. त्या जोडीवर चित्रपटही निघाला, त्यामुळे विनोदी भित्र्या माणसाच्या भूमिकांवर पुढची वर्षे सहज निघाली असती. त्याऐवजी जयवंत दळवींच्या 'नातीगोती' नाटकात ते मतिमंद मुलाच्या बापाच्या भूमिकेत आपल्याला दिसतात. त्या मुलाचे, बच्चूचे, काम अतुल परचुरे करीत आणि आईचे स्वाती चिटणीस. त्या बापाच्या बोलण्यात साचत गेलेला शीण आजही माझ्या कानात आहे. आणि मग १९९१ मध्ये संजय सूरकरांच्या 'चौकट राजा' चित्रपटात तेच प्रभावळकर स्वतः नंदू होतात, म्हणजे ज्याचा बाप त्यांनी रंगमंचावर उभा केला होता, जवळपास त्याच्याच जागी जाऊन बसतात. एकाच दुःखाच्या दोन्ही बाजू अशा पाठोपाठ केलेला दुसरा मराठी नट मला आठवत नाही. नंदूचे हात, त्याची चाल आणि मध्येच हरवणारी नजर पाहताना माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या गृहस्थांनी चष्मा काढून हातात धरला होता आणि पुढचा बराच वेळ तो पुन्हा लावलाच नाही.

त्याच सुमारास 'हसवाफसवी' आले. एका नाटकात सहा भूमिका, आणि लेखनही त्यांचेच. पाच वेळा प्रेक्षक पोट धरून हसल्यानंतर कृष्णराव हेरंबकर हा थकलेला संगीत नट येई आणि त्याच प्रेक्षागृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता होई. ज्याला रोज संध्याकाळी तीन तासांत सहा माणसे व्हायची आहेत, त्याला एक माणूस चिकटायचा तरी कसा?

टिपरे २००१ मध्ये आली, तेव्हा प्रभावळकर ५७ वर्षांचे होते आणि त्यांना त्याहून बऱ्याच मोठ्या वयाचे आबा उभे करायचे होते. राजन भिसे, शुभांगी गोखले, विकास कदम आणि रेश्मा नाईक यांच्याबरोबरचे ते घर आपल्याला इतके खरे वाटले की आबांना लोक आपले आजोबा समजू लागले. आणि नेमक्या त्याच काळात, २००२ मध्ये, ते 'एन्काउंटर : द किलिंग' या हिंदी चित्रपटात पुनाप्पा नावाचा गुन्हेगार होऊन आले. लोकप्रियता शिगेला असताना स्वतःच्याच प्रतिमेला असा छेद देण्यास धाडस लागते. पुढे 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधी आले, आणि त्या भूमिकेसाठी व 'शेवरी'साठी मिळून २००६ चा सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. 'झपाटलेला' चित्रपटातला तात्या विंचूही तेच आणि हे गांधीही तेच, हे परदेशी पाहुण्याला सांगितले तर त्याचा विश्वास बसणार नाही.

तेव्हा पद्धत आहे. एक भूमिका गाजली की पुढची तिच्यापासून शक्य तितकी लांबची घ्यायची, आणि ती कोणी देत नसेल तर स्वतः लिहायची.

पटकथा_वही

तिसरी_घंटा यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. प्रभावळकरांविषयी त्यांनी लिहिलेले मला मान्य आहे. मात्र शेवटच्या परिच्छेदातला सल्ला त्या भाचीपर्यंत जसाच्या तसा पोहोचू नये, असे मला कळकळीने वाटते. कारण त्यातून दोष तिच्या पदरात पडतो आणि तो तिचा नाही. मी अकरा वर्षे दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिते आहे, त्यामुळे हे आतून सांगू शकते.

प्रथम साधा हिशेब पाहा. टिपरे ही साप्ताहिक मालिका होती. आठवड्याला एक भाग धरला तर तीन वर्षांत सुमारे दीडशे भाग होतात. आज आठवड्याला सहा भाग म्हणजे वर्षाला तीनशेहून अधिक, आणि चार वर्षांत साडेबाराशेच्या घरात. इतक्या वेळा एकच माणूस अंगावर चढवल्यावर तो उतरवायला जागा कुठे उरते?

दुसरी गोष्ट याहून मोठी आहे. चिमणराव कॅमेऱ्यासमोर आला तेव्हा तो चार दशकांपूर्वीच लिहून झालेला होता. नटाला त्याचा स्वभाव, त्याची मर्यादा आणि त्याच्या फजितीचा शेवट ठाऊक होता. माझ्या मालिकांमधल्या नायिकेला आपण पुढच्या महिन्यात नवऱ्याला क्षमा करणार आहोत की घर सोडणार आहोत, हे माहीत नसते. कारण ते मलाही माहीत नसते. दर गुरुवारी टीआरपीचे, म्हणजे किती लोकांनी मालिका पाहिली त्याचे, आकडे येतात आणि शुक्रवारपर्यंत कथेचा ट्रॅक बदललेला असतो. ज्या माणसाचा शेवट ठाऊक नाही तो माणूस रचता येत नाही, त्याला फक्त पुढे ढकलता येते.

सेटवरचे एक दृश्य सांगते, म्हणजे मी काय म्हणते आहे ते समजेल. सकाळी नऊची शिफ्ट, आधी चित्रित करून ठेवलेल्या भागांची 'बँक' शिल्लक नाही, म्हणजे आज चित्रित झालेले उद्या-परवा दाखवायचे आहे. मी पाने पाठवते ती अकराला. नायिका मेकअप रूममध्ये आरशासमोर बसलेली, मागे केशभूषाकार आंबाडा घालते आहे, त्यामुळे तिला मान खाली घालून वाचता येत नाही. म्हणून सहायक दिग्दर्शक तिच्या बाजूला उभा राहून संवाद मोठ्याने वाचतो आणि ती ते डोळे मिटून, ओठांतल्या ओठांत, निव्वळ नादावर पाठ करते. मग सीन लागतो. दिग्दर्शक म्हणतो, "कालचाच लूक दे." तो लूक डावीकडून, उजवीकडून आणि समोरून असा तीनदा घेतला जातो. संध्याकाळी रडण्याचा प्रसंग असतो आणि तिथेही मागणी असते ती प्रेक्षकांना आवडलेल्या गेल्या महिन्यातल्या रडण्याचीच. "माझ्या आवाजात रडता येत नाही" हे वाक्य वाचून मी थांबले, कारण माझ्याच एका नायिकेने हेच मला वेगळ्या शब्दांत सांगितले होते.

बारा-तेरा तासांची शिफ्ट, मुंबईच्या रस्त्यांवरचा तीन तासांचा प्रवास, आणि मानधन हातात येते ते बहुतेक वेळा नव्वद दिवसांनी. अशा नटाने संध्याकाळी नाटक कधी करायचे? प्रभावळकर विज्ञानाचे शिक्षण घेतलेले, नोकरी सांभाळून रंगभूमीवर काम करणारे; बाळ कर्वे मुंबई महापालिकेत नोकरीला होते. त्या पिढीला नाही म्हणण्याची ताकद कुठून येत होती, याचाही विचार व्हायला हवा. घराचा हप्ता मालिकेच्या मानधनावर चालत असेल तर दुसऱ्या सुनेची भूमिका नाकारणे हे निव्वळ कलेविषयीच्या निष्ठेवर होत नाही.

प्रभावळकरांच्या थोरवीला मी तसूभरही कमी लेखत नाही. पण ती थोरवी फुलली त्या जमिनीचे मोल आपण मान्य केले नाही, तर आजच्या मुलींवर अन्याय होईल.

शाईपेन

वरील दोन्ही प्रतिसादांत एक दुवा राहून गेला आहे, तो जोडतो. टिपरे ही प्रभावळकरांना मिळालेली भूमिका नव्हती, ती त्यांच्याच लेखणीतून आली होती. 'लोकसत्ता'मधील त्यांचे 'अनुदिनी' हे सदर त्या मालिकेचा पाया होता. त्या सदरात आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे हे एकाच घटनेविषयी आपापल्या रोजनिशीत लिहितात आणि प्रत्येकाला घडलेले वेगळेच दिसते. केदार शिंदे यांनी त्याची मालिका केली, तेव्हा आबांची भूमिका करणाऱ्या माणसाने त्या घरातल्या पाचही जणांच्या मनात शिरून आधी लिहिलेले होते. शिऱ्या आणि शलाका काय विचार करतात, हे आबा होणाऱ्या नटाला आतून ठाऊक होते. मला वाटते, आबांचे समोरच्याचे बोलणे ऐकून घेणे इतके खरे वाटे, ते यामुळेच. बहुतेक नट समोरच्याचे वाक्य संपण्याची वाट पाहतात. आबा ते वाक्य ऐकत.

मुलांसाठी त्यांनी निर्माण केलेला बोक्या सातबंडेही याच जातीचा. आपल्या भूमिकांविषयी त्यांनी 'एका खेळियाने' या पुस्तकात लिहिले आहे. भाचीने ते जरूर वाचावे. त्या शीर्षकातला 'खेळिया' हा शब्दच मला त्यांची सर्वांत नेमकी ओळख वाटतो.

पटकथा_वही यांच्या मुद्द्यात एक भर घालतो. २०१७ मध्ये निर्मिती सावंत यांच्याबरोबर 'चूक भूल द्यावी घ्यावी'मध्ये ते पुन्हा मालिकेत आले, तेव्हा वयाची सत्तरी ओलांडली होती, आणि तीही रोजच्या रतिबाची मालिका नव्हती. लांबणाऱ्या कामापासून त्यांनी स्वतःला जपले, असे दिसते. २०२५ मध्ये 'दशावतार' या चित्रपटात, ८१ व्या वर्षी, कोकणातला बाबुली मेस्त्री त्यांनी प्रमुख भूमिकेत पेलला, तो या जपणुकीमुळेच, असे मी मानतो.

तिसरी_घंटा

पटकथा_वही यांचा आक्षेप मला मान्य आहे. मी प्रेक्षागृहातून पाहिले आणि तेवढेच लिहिले. मेकअप रूममधले ते दृश्य मला कधी दिसले नव्हते. मराठीत साप्ताहिक मालिका जवळजवळ नाहीशा झाल्या याची खंत आम्ही प्रेक्षक म्हणून करीत आलो, पण त्यांच्याबरोबर नटाची विश्रांतीही गेली, हे माझ्या लक्षात आले नव्हते. तरीही एवढे म्हणेन की पुढची भूमिका निवडताना लांबचे पाऊल टाकण्याचा प्रयत्न तिने करावा, मग ते पाऊल एखाद्या प्रायोगिक नाटकातले पाच मिनिटांचे का असेना.

पर्वतीपायथा

आपणा सर्वांची मी मनापासून आभारी आहे. सर्व प्रतिसाद काल रात्री भाचीला दूरध्वनीवर वाचून दाखवले. मेकअप रूममधल्या प्रसंगापाशी ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले की 'नातीगोती'मधल्या बापाने नंदू करायचे ठरवले, तेव्हा त्याला भीती वाटली असेल का. याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. 'एका खेळियाने' मिळवून रविवारी तिच्याकडे घेऊन जाणार आहे.

पटकथा_वही यांना एक व्यावहारिक प्रश्न विचारते. तिला एका नाटकात छोट्या कामासाठी बोलावणे आले आहे, पण नव्या मालिकेचा करार झाला की प्रयोगांना सोडणार नाहीत, अशी तिला भीती आहे. करारातच यासाठी काही सोय करून घेता येते का?

पटकथा_वही

येते, पण ती सहीच्या आधी. पुढे तोंडी आश्वासनावर काही चालत नाही. महिन्यातून किती दिवस मालिकेला द्यायचे तो आकडा करारात लिहिलेला असतो. तो ठरवतानाच प्रयोगांचे दिवस वगळून आकडा सांगावा आणि शनिवार-रविवारी संध्याकाळी किती वाजता सुटका होईल ती वेळ लिहून घ्यावी. 'शक्यतो' हा शब्द कुठे आला असेल तर तो काढून टाकायला सांगावा. प्रयोगांच्या तारखा मिळताच त्या निर्मिती-व्यवस्थापकाला लेखी कळवाव्यात आणि वेळापत्रक करणाऱ्या सहायक दिग्दर्शकालाही स्वतंत्रपणे द्याव्यात, कारण प्रत्यक्षात दिवस अडतो तो त्याच्या कागदावर. नाटकातल्या नटांना सांभाळून घेणारी निर्मितीगृहे आहेत. मी स्वतः अशा दोन मालिकांत काम केले आहे. तिथे नायकाच्या प्रयोगाच्या दिवशी मी त्याला दुपारी दोनपर्यंतचेच सीन लिहून देत असे आणि बाकीचा भाग इतर पात्रांवर नेत असे. लेखकाला आधी कळले तर हे अवघड नसते. तेव्हा तिने मालिकेच्या लेखकाचा क्रमांक पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.